औषधाची पेटी माझ्याकडे होती तोवर

जंगलात जायचं ठरलं की आदल्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून पेटी भरायला बसायचे. पेटी म्हणजे मुलीचा शाळेच्या वेळचा प्लास्टिकचा मोठा डबा. त्याचं झाकण इतकं घट्ट बसायचं की नाल्यात पडला तरी आत पाणी जाऊ नये. तळाला क्वचित लागणाऱ्या वस्तू ठेवायच्या. मुरगळलेल्या पायाला गुंडाळायचं क्रेप बँडेज, हात गळ्यात अडकवायला तिकोनी फाडलेली सुती ओढणी, कात्री. वर नेहमीचं, म्हणजे गॉजच्या पुड्या, कागदी चिकटपट्टी, आयोडीनचं मलम, हातमोजे, ताप-दुखण्याच्या गोळ्या, मधमाशी चावली तर द्यायच्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि ओआरएस. निमुळत्या टोकाचा चिमटा अगदी वर, कारण आमच्याकडचा हिवराचा काटा चपलेतून आरपार येतो आणि आत तुटला की नखांनी निघत नाही. रुंद चिकटपट्टीचं एक रीळ खाजकुहिलीसाठी. तिची लव अंगाला लागली की माणूस चोळत सुटतो आणि ती आणखी पसरते. पट्टी चिकटवून ओढली की बरीचशी निघते. हे मला नर्सिंगला कोणी शिकवलं नव्हतं, करून पाहून कळलं.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. दिवसभर हेच हाताळायचं आणि सुट्टीच्या दिवशीही हेच, म्हणून नवरा चिडवायचा. पण मला ते काम आवडायचं. दवाखान्यात समोर येईल त्या जखमेवर काम करायचं असतं. इथे अजून काहीच झालेलं नसायचं आणि मी एकेका बाईच्या पायाचा, गुडघ्याचा, दम्याचा विचार करून डबा भरायचे. कोणाला कोणती गोळी चालत नाही ते मला पाठ होतं.

हे सगळं सुरू झालं शेजारणीमुळे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत, तिच्यावरून आमचं सगळं चालायचं. माझ्या हातचा ठेचा तिला फार आवडायचा. रविवारी सकाळी भिंतीवरून हाक यायची, “ताई, भाकर टाकून राह्यली का? मले एक टाकजो.” ती भिंतीपाशी उभी राहूनच भाकर-ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढत. आम्ही बौद्ध आहोत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्या समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे, दारातून दिसते. तिनं कधी काही मानलं नाही, आणि मी त्याचा कधी वेगळा विचार केला नाही. मैत्रीण म्हणजे मैत्रीण.

कॉलनीतल्या सात-आठ बायकांनी महिन्यातून एकदा जंगलात फिरायला जायचं काढलं. म्होरक्या होत्या वहिनी. त्यांच्या घरी मोठी शेती आणि बी-बियाण्याचं दुकान. अंगानं थोराड, आवाज मोठा, स्वभाव हसरा. सगळ्या त्यांना वहिनीच म्हणायच्या. शेजारीण मला म्हणाली, “तू चाल न. तुले तं जंगलाची माहिती हाय. अन् सिस्टर सोबत असली म्हणजे आम्हाले भेव नाही.”

जंगलाची माहिती मला होती ती वेगळी. माझं माहेर अमडापूरच्या बाजूचं. आई लाकडं आणायला, सीताफळं आणायला डोंगरात जायची आणि आम्हा बहिणींना सोबत न्यायची. पाय कापला तर आई कंबरमोडीचा पाला हातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळायची आणि मोळी पुन्हा डोक्यावर द्यायची. जंगलात नुसतं फिरायला जातात, झाडाखाली बसून डबे खातात, फोटो काढतात, हे मला चाळिशीनंतर कळलं. आणि खरं सांगते, फार आवडलं.

बोथ्याच्या घाटाकडे आम्ही जास्त जायचो. गाडी भाड्यानं घ्यायची, सकाळी निघायचं, जिथे जायची परवानगी आहे तेवढ्याच वाटेनं चालायचं. अस्वलं आहेत म्हणून मोठ्यानं बोलत चालायचं, आणि मोठ्यानं बोलण्यात वहिनींचा हात कोणी धरला नसता. सासूची नक्कल करायच्या, नवऱ्याची करायच्या. हसून हसून आमचे पाय अडखळायचे. वाटेत कोणाला काटा लागला, कोणाची टाच सोलली की “सिस्टर!” अशी हाक यायची. मी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घ्यायचे, काटा काढायचे. वहिनी म्हणायच्या, “सिस्टरचा हात लय हलका हाय बाप्पा. कयतच नाही कधी निंगला तं.”

दुपारी सावली पाहून डबे उघडायचे. मी पहिल्या वेळी मोठा डबा नेला होता, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, भरली वांगी. सगळ्यांना पुरेल असं केलं होतं. माझ्या पानात सगळ्यांचं आलं. पुरणाची पोळी आली, शेवभाजी आली, लोणचं आलं. माझा डबा मी पुढे केला तेव्हा एक म्हणाली, “मले तिखट चालत नाही.” दुसरी म्हणाली, “लय झालं बाई आता.” वहिनी म्हणाल्या, “माझा तं आज सोमवार नसून सोमवारचा उपास हाय,” आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मी शेजारणीकडे डबा केला. तिनं माझ्याकडे न पाहता म्हटलं, “पोट भरलं ताई.”

त्या दिवशी मला वाटलं, खरंच पोट भरलं असेल. पुढच्या वेळी भाकरी कमी नेल्या. तरी उरल्या. तिसऱ्या वेळी मी फक्त केळी नेली. केळी सगळ्यांनी खाल्ली. केळ्याला साल असते. तेव्हा मला कळलं, आणि कळलं तरी मी जात राहिले. का, हे नवऱ्यानं बऱ्याचदा विचारलं. “काऊन जातं त्याहीच्या संगं? तुले काय कमी हाय?” मी सांगायचे, “मले चालायले आवडते.” ते खरं होतं. दुसरंही खरं होतं, की रविवारी सकाळी शेजारीण भिंतीवरून भाकर मागायचीच. घरी ती माझ्या हातचं खायची. मी स्वतःला सांगायचे की चारचौघीत तिचा नाइलाज होत असेल.

मग चैत्रातली ती फेरी आली. ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं. मी गाडीतच म्हटलं होतं की दहाच्या आत परत फिरू. पण वहिनींना वरच्या टेकाडावरून खालचं धरण पाहायचं होतं. त्यात त्यांची चतुर्थी, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. आणलेलं पाणी सगळ्यांनी चढतानाच संपवलं. माझ्याकडे माझी स्टीलची बाटली भरलेली होती. मी परतीसाठी नेहमी राखून ठेवते, ती दवाखान्याची सवय.

उतरताना वहिनी मध्येच थांबल्या. “मले कसंतरीच होऊन राह्यलं,” म्हणाल्या आणि सलईच्या झाडाला टेकता टेकता खाली घसरल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. बायका ओरडायला लागल्या. कोणी म्हणे कांदा हुंगवा, कोणी म्हणे उठवून बसवा. मी सगळ्यांना बाजूला केलं, त्यांना सावलीत आडवं झोपवलं, पेटीतून ओआरएस काढून घेतलं आणि पाय उचलून पेटीवर ठेवले, ब्लाउजची वरची बटणं सैल केली. नाडी बारीक पण नीट लागत होती. एकीला पदरानं वारा घालायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. मी माझ्या बाटलीत ओआरएसची पुडी टाकली, हलवली, त्यांचं डोकं वर उचललं आणि बाटली ओठांपाशी नेली.

वहिनींनी तोंड फिरवलं.

“पिऊन घ्या वहिनी. घोट घोट घ्या.”

“कोनाचं पानी हाय?” त्यांनी विचारलं. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. “माझा उपास हाय आज.”

मी काही बोलायच्या आत शेजारीण पुढे झाली. तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “माझं हाय वहिनी, माझ्या घरचं. उपासाले चालते. प्या तुम्ही.”

वहिनी प्यायल्या. आधी घोट, मग मोठमोठे घोट. मी “हळू, हळू” म्हणत राहिले, कारण एकदम प्यायलं तर उलटी होते. एक हात त्यांच्या नाडीवर ठेवून मी बाजूला बसले होते आणि माझ्या बाटलीकडे पाहत होते. सगळ्यांनी पाहिलं होतं बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली ते.

अर्ध्या तासानं त्यांना धरून धरून गाडीपर्यंत आणलं. संध्याकाळी शेजारीण भिंतीपाशी आली.

“ताई, राग आला का तुले?”

“कायचा?”

“मी तसं बोलली ते. अवं, त्या वक्ताले काय करू मंग? ते पेली नसती. जीव महत्त्वाचा न?”

“हाव,” मी म्हटलं. “जीव महत्त्वाचा.”

“तुह्यासाठीच बोलली मी. तिनं सगळ्याहीसमोर नाही म्हटलं असतं तं तुलेच कसं वाटलं असतं?”

ती मनापासून बोलत होती. तिला खरंच वाटत होतं की तिनं मला वाचवलं. मी दोरीवरचे कपडे काढत राहिले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

कॉलनीत ती गोष्ट पसरली ती अशी, की मास्तरीणबाईंनी वेळेवर आपलं पाणी पाजलं म्हणून वहिनी वाचल्या. माझंही नाव निघायचं. सिस्टरनं पाय वर केले, सिस्टरनं नाडी पाहिली. वहिनींनी शेजारणीला हळदी-कुंकवाच्या दिवशी बोलावून सगळ्यांसमोर साडी नेसवली. तिनं ती साडी नेसून भिंतीपाशी यायचं टाळलं, एवढं मी तिच्या बाजूनं सांगते.

मग वहिनींनी ठरवलं की ग्रुपची स्वतःची पेटी हवी. मला फोन आला. “सिस्टर, तुम्ही दरवेळी तुमचीच पेटी आणता, आम्हाले बरं नाही वाटत. एक चांगली पेटी घेऊ, तुम्ही भरून द्या अन् आम्हालेही शिकवा थोडं. कधी तुमची ड्युटी असली तं?” त्यात वावगं काहीच नव्हतं. उलट मला बरं वाटलं. मी मनाशी म्हटलं, आपलं काम यांना पटलं.

लाल रंगाची, पट्ट्यानं खांद्याला अडकवायची छान बॅग त्यांनी आणली. मी चार दिवस विचार करून ती भरली. माझ्या डब्यात नव्हत्या त्या वस्तूही घातल्या, शिट्टी, छोटा टॉर्च, थर्मामीटर. मग एका रविवारी वहिनींच्या ओसरीवर सगळ्या जमल्या. मी त्यांना क्रेप बँडेज बोटांकडून वर कसं गुंडाळायचं आणि किती आवळायचं ते दाखवलं. काटा ज्या वाटेनं शिरला त्याच वाटेनं बाहेर कसा ओढायचा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, माणसाला चालवायचं नाही, हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा. एकमेकींच्या हातापायांना पट्ट्या बांधून त्या खिदळत होत्या, पण शिकल्या चांगल्या. शेजारीण तर पहिल्या झटक्यात शिकली, ती शिक्षिकाच.

चहा आला तो कागदी कपांत. “कोन भांडे घासत बसते,” वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनाच कागदी कप होते, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. आत स्वयंपाकघरात मांडणीवर कपबशांची रांग दिसत होती. मी तिकडे पाहिलं तेव्हा शेजारणीनंही पाहिलं. मग तिनं चटकन कप तोंडाला लावला.

पुढच्या महिन्यात मी वाट पाहिली. रविवारची सुट्टी आधीच मागून ठेवली होती, केळीही सांगून ठेवली होती. शनिवारपर्यंत काही कळलं नाही. मला वाटलं या वेळी रद्द झालं असेल. रविवारी दुपारी मोबाइल पाहिला तर वहिनींच्या स्टेटसला फोटो. सगळ्या एका ओढ्याकाठी ओळीनं उभ्या आणि मधोमध शेजारणीच्या खांद्यावर ती लाल बॅग.

मी संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन स्वतःच हाक मारली. ती आली. टाच चिकटपट्टीनं बांधलेली होती, नीट बांधली होती.

“मले सांगतलं नाही?”

“अवं, गाडीत जागाच नव्हती. वहिनीची ननंद आली होती न.”

“मंग पुढच्या वेळी?”

ती खाली पाहू लागली. “पाहू न.”

“पेटी भरून झाली, शिकून झालं, म्हणून माझं काम संपलं का?”

“तू काहीही मनावर घेऊन राह्यली ताई.”

“मी काहीच मनावर घेतलं नाही आजवर. एक सांग. ते पाणी माझं होतं हे तू वहिनीले सांगशीन का?”

तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकतंय का ते. “आता काय उपयोग त्याचा? झालं गेलं. उगाच तिले वाईट वाटीन.”

“तिले,” मी म्हटलं. ती “कुकर हाय गॅसवर” म्हणून आत गेली. त्यानंतर भाकरीसाठी हाक आली नाही, आणि मीही दिली नाही.

पावसाळा संपताना एका सकाळी वहिनी दवाखान्यात आल्या. ड्रेसिंगच्या खोलीत मी होते. त्यांच्या पोटरीला जंगलात खरचटलं होतं, घरच्या घरी काहीतरी लावत बसल्या आणि जखम पिकली. मला पाहून त्यांना अवघडल्यासारखं झालं. मी नेहमीसारखं खाली बसून त्यांचा पाय घेतला. जखम धुताना त्या दातांनी पदर चावत होत्या, तरी म्हणाल्या, “तुमचा हात हलकाच हाय सिस्टर.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी मान वर न करता म्हटलं, “वहिनी, चतुर्थीच्या दिवशी तुम्ही पेल्या ते पानी माझ्या बाटलीतलं होतं. माझ्या घरचं.”

मला वाटलं होतं त्या चपापतील, किंवा रागावतील. तेवढ्यासाठीच मी बोलले असेन. त्यांनी दातांतला पदर सोडला. मग हळूच म्हणाल्या, “मले माहीत होतं.”

मी हात थांबवला.

“बाटली काय मी पाह्यली नव्हती कधी? तुमच्याच हातात राहे ते. पन कोनीतरी म्हटलं न, माझं हाय म्हणून. तेवढं पुरते सिस्टर. घरी सासू हाय माझी, चार मानसं हायेत. कोनी इचारलं तं सांगाले पाह्यजे न काही.”

त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, जशी एक बाई दुसरीला आपली घरची अडचण सांगते. जणू मी ते समजून घेईन याची त्यांना खात्री होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, गॉज ठेवला, पट्टी गुंडाळली, उद्या नव्हे परवा पुन्हा या म्हणून सांगितलं. त्या परवा आल्या, पण माझी ड्युटी नसेल ती वेळ पाहून आल्या. हे दुसऱ्या सिस्टरनं सांगितलं.

म्हणजे त्या टेकाडावर फसलं कोणीच नव्हतं. पिणारीला माहीत होतं, पाजणारीला माहीत होतं, पदरानं वारा घालणारीलाही माहीत होतं. त्या सगळ्यांनी मिळून एक वाक्य मान्य केलं आणि त्या वाक्यात मी नव्हते. मला अज्ञान माफ करता आलं असतं. आईनं आम्हाला तेच शिकवलं होतं, की लोकांना कळत नाही, शिकतील हळूहळू. या शिकलेल्या होत्या, प्रेमळही होत्या. त्यामुळे मला कशावर बोट ठेवता येईना.

या हिवाळ्यात नवऱ्याला म्हटलं, चला आपण दोघं जाऊ. तो तयार झाला, माझ्यासाठी. मोटारसायकलवर घाट चढलो. पेटी नेली नाही, पर्समध्ये दोन पट्ट्या टाकल्या. त्याला चालायची आवड नाही. थोडं अंतर चालून तो एका धावड्याच्या झाडाखाली आडवा झाला, तोंडावर रुमाल टाकून. मी एकटी पुढे गेले. वाटेवर कोरडी पानं इतकी होती की स्वतःच्या पावलांचा आवाज मोठा वाटत होता. अस्वल येऊ नये म्हणून मोठ्यानं बोलायला हवं होतं, पण एकटी काय बोलणार. थोडी गेले आणि परत फिरले.

मला त्या बायकांचा राग येतो, अजूनही येतो. पण त्या वाटेवर मला जे आठवत होतं ते त्यांचं हसणं होतं, आणि याचा राग मला जास्त येतो. इतकं सगळं कळूनही त्यांनी उद्या “सिस्टर, येता का” म्हणून हाक मारली तर माझं मन काय करील, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

परत आले तेव्हा नवरा उठून बसला होता, विड्याची पुडी सोडत.

“झालं का फिरनं?”

“झालं.”

“इतक्या लवकर?” त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. डबा उघडला, एका भाकरीचे दोन भाग केले, अर्धी माझ्या हातावर ठेवली. आम्ही जेवलो आणि ऊन चढायच्या आत खाली उतरलो.